पेनड्राइव्हच्या पाकिटावर न छापलेला आकडा

हिशेब संगणकावर आणि त्याची प्रत पेनड्राइव्हवर, ही पद्धत आपल्या पेढ्यांवर आता चांगली रुळली आहे. चोपडापूजनाच्या वेळी वहीशेजारी लॅपटॉपलाही कुंकू लावणारी घरे मी पाहिली आहेत. निवृत्तीनंतर कोसबाडला राहू लागल्यापासून डहाणू-घोलवडकडचे तरुण व्यापारी मला एक प्रश्न वारंवार विचारतात : “काका, दोन्ही पेनड्राइव्ह चौसष्ट जीबीचेच आहेत, मग एक दुप्पट महाग का?” प्रश्न व्यापाऱ्याला शोभेल असाच आहे. माल तोच, वजन तेच, मग भावात फरक कशाचा?

फरक बहुधा लिहिण्याच्या वेगाचा असतो. पेनड्राइव्हला दोन वेग असतात. त्यातील मजकूर संगणकाला देण्याचा तो वाचण्याचा वेग आणि संगणकाकडून मजकूर घेऊन आत साठवण्याचा तो लिहिण्याचा वेग. पाकिटावर ठळक अक्षरांत ‘सेकंदाला १०० एमबीपर्यंत’ असे छापलेले असते, तो आकडा बहुतेक वेळा वाचण्याचा असतो. लिहिण्याचा वेग एक तर बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. आणि ‘पर्यंत’ हा शब्द किती निसरडा असतो, हे ‘पन्नास टक्क्यांपर्यंत सूट’ची पाटी लावणाऱ्यांना मी काय सांगावे!

साध्या, स्वस्त पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग सेकंदाला पाच ते पंधरा एमबीच्या आसपास घुटमळतो, मग पाकिटावर शंभर का लिहिलेले असेना. चांगल्या प्रतीचे पेनड्राइव्ह सेकंदाला पन्नास, शंभर किंवा त्याहूनही अधिक एमबी लिहितात. पेढीच्या भाषेत मांडायचे तर असे : टॅलीचा विदा, बिलांच्या स्कॅन केलेल्या प्रती, जीएसटीच्या विवरणपत्रांच्या फाइली मिळून सहा जीबी होतात असे धरू. सेकंदाला सहा एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हवर ही प्रत उतरायला जवळजवळ सतरा मिनिटे लागतील. सेकंदाला साठ एमबी लिहिणाऱ्यावर शंभर सेकंदांत काम आटोपेल. दुकान बंद करण्याच्या घाईत, शटर अर्धे ओढलेले असताना, शंभर सेकंद कोणीही थांबेल. सतरा मिनिटे रोज कोण थांबतो?

वाचणे आणि लिहिणे यांत इतके अंतर का, हे समजून घेण्यासारखे आहे. पेनड्राइव्हमध्ये फिरणारी तबकडी नसते. त्यात ‘नँड फ्लॅश’ प्रकारची स्मृती असते, जी तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांच्या चमूने १९८७ मध्ये जगापुढे मांडली. तिच्यात सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्भार साठवून माहिती ठेवली जाते. वाचताना कप्प्यात भार किती आहे एवढेच पाहायचे असते. ते काम बँकेच्या खिडकीवर शिल्लक विचारण्यासारखे झटपट होते. लिहिताना मात्र मोजून मापून भार भरावा लागतो, बरोबर भरला की नाही हे तपासावे लागते, कमी पडला तर पुन्हा भरावा लागतो. व्हाउचर तयार करा, एकाने तपासा, दुसऱ्याने सही करा, मग खतावणी. तसाच हा प्रकार. शिवाय जुन्या मजकुरावर नवा मजकूर थेट लिहिता येत नाही. आधी पुसावे लागते, आणि पुसताना एखादी ओळ पुसता येत नाही, अनेक पानांचा अख्खा गठ्ठा एकदम पुसावा लागतो. त्या गठ्ठ्यातील जी पाने हवी आहेत ती आधी दुसरीकडे उतरवून घ्यावी लागतात. म्हणूनच नवा कोरा पेनड्राइव्ह चपळ वाटतो आणि काठोकाठ भरत आलेला मंदावतो.

स्वस्ताईचे कारणही येथेच आहे. पूर्वी एका कप्प्यात एकच अंश साठवत, म्हणजे भार आहे किंवा नाही एवढेच पाहायचे. आता एका कप्प्यात तीन अंश बसवतात, त्यासाठी भाराच्या आठ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात. काहींत चार अंश, म्हणजे सोळा पातळ्या. जागा वाचते, भाव उतरतो, पण मोजमाप नाजूक होते आणि लिहिणे रेंगाळते. हे झाकण्यासाठी काही उत्पादक एक युक्ती करतात. चिकूचा टेम्पो आला की हमाल क्रेट आधी ओट्यावर भराभर उतरवतात, नंतर ते सावकाश आत रचले जातात. ओटा रिकामा आहे तोवर टेम्पो झटपट मोकळा होतो. ओटा भरला की ड्रायव्हर बिडी ओढत बसतो. अशा पेनड्राइव्हमध्येही थोडी जागा ओट्यासारखी राखलेली असते. पहिला काही मजकूर वेगाने जातो, मग एकदम वेग कोसळतो. दुकानदार एखादा फोटो टाकून “बघा शेठ, लगेच गेला” म्हणतो, तेव्हा त्याने फक्त ओटा दाखवलेला असतो.

एवढ्या तपशिलात मी शिरलो, त्याला कारण आहे. डहाणूतील एका पेढीवर रोज रात्री प्रत घेण्याचा शिरस्ता होता. पेनड्राइव्ह सावकाश लिहिणारा. मुलगा पडद्यावरची पट्टी बरीचशी पुढे सरकलेली पाही, घरून जेवणाचा फोन येई, आणि तो पेनड्राइव्ह उपसून खिशात घाली. पावसाळ्यात विजेच्या खेळखंडोब्यात संगणकाची डिस्क गेली. पेनड्राइव्ह उघडला तर फोल्डर दिसत होते, फाइलींची नावे दिसत होती, पण उघडणारी शेवटची पूर्ण प्रत एप्रिलमधली होती. अडीच महिन्यांची उधारी त्या घराने बिलबुकांच्या कार्बन प्रतींवरून आणि गिऱ्हाइकांच्या सचोटीवर पुन्हा उभी केली. काही रकमा आल्या, काही आल्या नाहीत. त्या आल्या नाहीत तेव्हा भांडायला हातात कागद नव्हता. त्या मुलाला आळशी म्हणणे मला जमत नाही. रोज सतरा मिनिटे मागणारी शिस्त फार दिवस टिकत नाही, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो.

येथे एक तांत्रिक बाब. पट्टी पूर्ण झाली तरी काही मजकूर संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत रेंगाळलेला असू शकतो. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेनड्राइव्ह झटकन काढता यावा अशी व्यवस्था मूळचीच केलेली असते, तरी ‘सेफली रिमूव्ह’वर टिचकी मारूनच तो काढावा. जुन्या संगणकांवर तर ते अनिवार्यच समजावे.

वेग केवळ पेनड्राइव्हवर ठरत नाही, खाचेवरही ठरतो. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे साठ एमबी. प्रत्यक्षात हाती येतात तीस-चाळीस. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ची मर्यादा ५ गिगाबिट, म्हणजे दहापटींहून अधिक. त्याच वेगाला पुढे ‘३.१ जेन १’ आणि ‘३.२ जेन १’ अशी नावे मिळाली. नाव बदलले म्हणून माल नवा झाला असे समजून जादा पैसे मोजू नयेत. महागडा पेनड्राइव्ह जुन्या खाचेत घातला तर तो जुन्या खाचेच्याच चालीने चालतो. वेगवान खाच बहुधा आतून निळी असते, पण निळ्या रंगाचा नियम सगळेच पाळत नाहीत. मेगाबिट आणि मेगाबाइट यांतील गल्लत मात्र जाहिरातीत हमखास आढळते, तेव्हा आकड्यापुढचे अक्षर वाचावे.

मग प्रत्येकाने महागच घ्यावा काय? नाही. आमच्या कोसबाडचेच पाहू. टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीहून आणलेले ग्राम बाल शिक्षा केंद्र आहे, गोखले एज्युकेशन सोसायटीचे कृषी विज्ञान केंद्र आहे. समजा, चिकूच्या बी पोखरणाऱ्या अळीवर दीड जीबीची एक चित्रफीत पाड्यापाड्यांत पोहोचवायची आहे. सेकंदाला आठ एमबी लिहिणाऱ्या पेनड्राइव्हवर ती उतरवायला तीन मिनिटे लागतील, आणि तीही एकदाच. पुढे ती पन्नास वेळा पाहिली जाईल, आणि चित्रफीत पाहण्यास सेकंदाला दोन-तीन एमबीचा वाचनवेगही पुरेसा होतो. अशा कामाला सर्वांत स्वस्त पेनड्राइव्ह उत्तम. लग्नाचा अल्बम नातेवाइकांना द्यायचा असेल तरी तेच. पेढीचे गणित याच्या नेमके उलट आहे. हिशेबाची प्रत वर्षात तीनशे वेळा लिहिली जाते आणि दैव बरे असेल तर एकदाही वाचावी लागत नाही. तिथे पैसे लिहिण्याच्या वेगाला मोजावेत.

वेग घरीच मोजता येतो. ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ हे जपानी सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. ते वाचण्याचे आणि लिहिण्याचे आकडे शेजारी शेजारी दाखवते. वरच्या ओळीतील आकडे मोठ्या सलग फाइलींचे असतात, खालच्या ओळीतील छोट्या विखुरलेल्या तुकड्यांचे. खालचे आकडे पाहून घाबरू नये, पण एक धडा घ्यावा. हजारो लहान फाइलींचा फोल्डर जसाच्या तसा ओढण्यापेक्षा टॅलीतील बॅकअपची सोय वापरून किंवा झिप करून एकच फाइल लिहिली तर वेळ पुष्कळ वाचतो. आणि पेनड्राइव्हवरूनच टॅली चालवण्याचा उद्योग तर मुळीच करू नये.

दुसरी चाचणी मी अधिक महत्त्वाची मानतो. ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हे जर्मनीतील सॉफ्टवेअर रिकामा पेनड्राइव्ह काठोकाठ भरते, मग सगळे परत वाचून लिहिलेले आणि वाचलेले ताळ्यात आहे का हे पाहते. ओटा कुठे संपतो तेही कळते, खोटा मालही पकडला जातो. काही शे रुपयांत दोन टीबी देणारे पेनड्राइव्ह बाजारात आहेत. त्यांची खरी क्षमता अगदी थोडी असते, पण संगणकाला ते दोन टीबीच सांगतात, आणि जागा संपली की पुढचा मजकूर हवेत जातो किंवा आधीच्यावर चढतो. याउलट चौसष्ट जीबीचा पेनड्राइव्ह संगणकावर साडेएकोणसाठच्या आसपास दिसला तर दुकानदाराशी वाद घालू नये. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, एवढाच तो फरक.

जीएसटी कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२२-२३ चे हिशेब ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. कंपन्यांना तर ऑगस्ट २०२२ पासून संगणकीय हिशेबाची प्रत भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवण्याचे बंधन आहे. भागीदारी पेढीला तो नियम लागू नाही, पण रोजची प्रत तिलाही हवीच. एवढी वर्षे एकाच पेनड्राइव्हवर विसंबू नये. खणात नुसता पडून राहिला तरी कप्प्यांतील भार हळूहळू ओसरतो, आणि जितके अंश दाटीने बसवलेले तितका धोका अधिक. वर्ष संपले की त्या वर्षाची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, जमल्यास क्लाउडवरही.

रोजच्या कामाला दोन पेनड्राइव्ह असावेत, सम तारखेचा एक आणि विषम तारखेचा एक. ज्याचा दिवस असेल तो रात्री घरी न्यावा, दुसरा पेढीवर राहू द्यावा. महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर प्रत उतरवून टॅलीत उघडावी आणि कोणत्याही एका गिऱ्हाइकाची बाकी वहीशी ताडून पाहावी. पाकिटावरचा वाचण्याचा वेग त्या दिवशी उपयोगी पडतो.