खेळ, धीर आणि एक रिकामी जागा

घरावर संकट असताना सण करावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडची थोरली माणसे एका वाक्यात सोडवतात : "पोरांसाठी तरी काही गोडाधोडाचे करा!" गोडाने संकट टळत नाही, पण घर अजून उभे आहे, एवढे पोरांना कळते. युद्धाच्या दिवसांत कॉलेजांतले खेळ चालू ठेवावेत की नाहीत, हा प्रश्नही याच जातीचा.

अमेरिकेपुढे तो १९४१ साली आला. ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, आणि १ जानेवारी १९४२ ला कॅलिफोर्नियात 'रोझ बोल' हा कॉलेजांचा मानाचा फुटबॉल सामना ठरलेला होता. (हा आपला फुटबॉल नव्हे बरे! लांबट चेंडू उराशी धरून धावायचे आणि समोरच्याने अंगावर झेप घेऊन आडवे करायचे, असा तो धसमुसळा खेळ.) पश्चिम किनाऱ्यावर हल्ल्याची धास्ती, एवढी गर्दी नको, असे लष्कराने बजावले. तेव्हा ड्यूक विद्यापीठाने सामना आपल्याच घरी, दूर पूर्वेकडे डरहॅमला बोलावला. शेजारच्या विद्यापीठांकडून बाके उसनी आणली. पाऊस असूनही ५६ हजार माणसे जमली. ड्यूकचा संघ त्या हंगामात एकदाही हरलेला नव्हता. पण ओरेगन स्टेट कॉलेजच्या पोरांनी २०-१६ अशी बाजी मारली.

पुढे यांतली बहुतेक मुले सैन्यात गेली. ड्यूकचे प्रशिक्षक वॉलेस वेड यांनीही पुन्हा वर्दी चढवली. १९४४ साली इटलीत ड्यूकचा चार्ल्स हेन्स जबर जखमी झाला; त्याला वाचवणारा निघाला ओरेगनचा फ्रँक पार्कर! ओरेगनचा विजयी चेंडू झेलणाऱ्या जीन ग्रेने विमान-अपघातात दोन्ही हात गमावले. चौघे खेळाडू तर परतलेच नाहीत.

पण वाचकहो, त्या सामन्याला ओरेगनचा एक खेळाडू आलाच नव्हता. जॅक योशिहारा, जन्माने जपानी, लहानपणीच अमेरिकेत आलेला. सराव चालू असतानाच सरकारी माणसे मैदानावर आली. घरापासून ३५ मैलांपलीकडे जायचे नाही, असा हुकूम झाला. संघ आगगाडीने निघून गेला. जॅक मागे राहिला. पुढे सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांबरोबर त्यालाही छावणीत डांबण्यात आले. त्याचा गुन्हा एवढाच, की त्याचे नाव योशिहारा होते.

देशाला धीर यावा म्हणून खेळ मांडावा, हे योग्यच. त्या ५६ हजारांना तो आलाही असेल. पण पंगत मांडून घरच्याच एका मुलाचे पान उचलायचे, याला सण कसे म्हणावे? भीती मोठी असते तेव्हा माणसे आपला कोण नि परका कोण हे चेहऱ्यावरून ठरवू लागतात. खरा धीर लागतो तो अशा वेळी. "हा आमचा गडी आहे, हा आमच्याबरोबर येणार," एवढे म्हणण्याचा!

२००८ साली त्याच विद्यापीठाने शिक्षण अर्धवट राहिलेल्या आपल्या जपानी-अमेरिकन विद्यार्थ्यांना सन्मानाने पदव्या दिल्या. त्यांत योशिहाराही होते. चूक कबूल झाली, हे चांगलेच झाले. फक्त मध्ये सहासष्ट वर्षे गेली होती.