विजेत्यांचा धर्म आणि प्रेक्षकांचे कर्तव्य

30 ऑक्टोबर 2025 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर भारताच्या महिला संघाने ऑस्ट्रेलियाच्या 338 धावांचा पाठलाग पुरा करून विश्वचषकाची अंतिम फेरी गाठली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या दिवशी नाबाद 127 धावा काढणाऱ्या जेमिमा रॉड्रिग्ज या मुंबईच्याच. सामना संपताच त्यांनी साश्रू नयनांनी प्रथम येशूचे आभार मानले, आणि आपल्या धर्मग्रंथातील एका वचनाने आपणांस अखेरच्या घटकांत धीर दिला असे सांगितले. देशभर आनंदीआनंद झाला. परंतु त्याबरोबरच समाजमाध्यमांवर एक निराळा सूरही उमटू लागला. विजय देशाचा असता आभार येशूचे कशासाठी, असा तो आक्षेप होता. नामांकित खेळाडूने लोकांस न रुचणारी धर्मश्रद्धा जाहीरपणे बोलून दाखवावी की नाही, या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावा, म्हणून आज आम्ही तो हाती घेत आहो.

हा प्रश्न मुंबईकरांचा आहे, धाराशिवच्या पेठेत बसून त्याची उठाठेव कशाला, असे कोणी म्हणेल तर त्यास आमचे उत्तर सोपे आहे. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघाचे नेतृत्व करून सुवर्णपदक आणणाऱ्या आणि 2020 साली अर्जुन पुरस्कार मिळविणाऱ्या सारिका काळे या आमच्याच जिल्ह्याच्या. त्यांच्या पाठोपाठ येथील कितीतरी मुली त्याच मैदानावर धावत आहेत. जत्रेतील कुस्त्यांची इनामे आमचे व्यापारी देतात, विजेत्यांचे सत्कार आमच्या संस्था करतात. तेव्हा इनाम देणाऱ्याचा विजेत्याच्या जिभेवर काही हक्क चालतो काय, हे ठरविणे आम्हांस भाग आहे.

प्रथम विरुद्ध पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडू. त्यांचे म्हणणे असे की, देशाचा पोशाख अंगावर असता खेळाडू हा खासगी मनुष्य राहत नाही. त्याच्या पाठीशी कोट्यवधी लोकांचे प्रेम असते, आणि ते प्रेम सर्व धर्मांच्या लोकांचे असते. त्या प्रेमाच्या भांडवलावर त्याने एका धर्माची बाजू घेणे योग्य नव्हे. शिवाय लहान मुले त्याचे अनुकरण करतात, आणि खेळातील आदर नकळत धर्मातील आदर होऊन बसतो. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. आम्ही राष्ट्रवादी आहो. एका ध्वजाखाली सर्व जातिधर्मांची मुले खेळतात, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही चषकापेक्षा मोलाची वाटते.

परंतु ज्या मापाने आपण एकास मोजतो, त्याच मापाने दुसऱ्यासही मोजले पाहिजे. त्याच संघातील दीप्ती शर्मा या त्या स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरल्या. हनुमंतावरील आपली श्रद्धा त्यांनी कधी लपविली नाही. पंतप्रधानांच्या भेटीतही तो विषय निघाला. त्यावर असा गहजब झाला नाही, आणि होऊही नये. मग 'मैदानावर धर्म नको' हा नियम जेमिमा यांच्यापुरताच का आठवावा? आमच्या तालमीत मारुतीची तसबीर असते आणि मल्ल माती कपाळी लावून आखाड्यात उतरतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील बोरामणीच्या शेख घराण्यातील तीन भावांनी, इस्माईल यांनी 1980 साली, आप्पालाल यांनी 1992 साली आणि मुन्नालाल यांनी 2002 साली, 'महाराष्ट्र केसरी'चा मान मिळविला. त्या विजयांचा अभिमान बाळगताना आमच्या शौकिनांनी मल्लाचा धर्म विचारला नाही. बहुसंख्यांची श्रद्धा तेवढी संस्कृती आणि अल्पसंख्यांची श्रद्धा मात्र प्रचार, असा भेद करणाराने तटस्थतेचे नाव घेऊ नये.

या प्रकरणास एक पूर्वपीठिका आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या खार जिमखान्याने जेमिमा यांचे मानद सभासदत्व रद्द केले. त्यांच्या वडिलांनी संस्थेच्या जागेत धार्मिक मेळावे भरविले असा काही सभासदांचा आक्षेप होता. धर्मांतराचा आरोप वडिलांनी साफ नाकारला. जागेच्या वापराविषयी नियम करणे व ते पाळावयास लावणे हा संस्थेचा अधिकार आहे. पण मान मुलीच्या खेळाबद्दल द्यावयाचा आणि तो वडिलांविरुद्धच्या तक्रारीवरून काढून घ्यावयाचा, हा न्याय आम्हांस पटत नाही.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगतो. राज्यघटनेच्या 25 व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. त्यास सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली ठरविले. उलट, 1986 साली केरळातील तीन शाळकरी मुलांच्या खटल्यात, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून, पण धर्मश्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या मुलांस शाळेतून काढणे बेकायदा ठरविले. या दोन निकालांमधील वाट पुरेशी रुंद आहे. विजयानंतर आपल्या देवाचे आभार मानणे हे कोणाचे धर्मांतर नव्हे आणि कोणाचा अपमानही नव्हे.

तथापि हक्क आहे एवढ्याने प्रश्न मिटत नाही. खेळाडूच्या शब्दाचे वजन किती मानावे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या इतिहासातच सापडते. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजात जन्मलेले गोलंदाज. पुण्यात ते हिंदूंच्या संघातून खेळू लागले तेव्हा मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, निराळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. 1911 च्या इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी 114 गडी बाद केले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांस मिळाले. तरुण आंबेडकरांस बाळूंचा मोठा अभिमान होता. पुढे 1935 साली येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू धर्म सोडण्याचा निश्चय जाहीर केला, तेव्हा याच बाळूंनी धर्मांतराच्या मार्गास उघड विरोध केला. आणि 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध मुंबईत उभे राहिले.

त्या काळात याहून वादग्रस्त धर्मविषयक मत ते कोणते? ज्या समाजाने बाळूंस जवळचा मानले, त्यातील कित्येकांस ते मत जिव्हारी लागले असेल. परंतु ते मत मांडण्याचा बाळूंचा अधिकार कोण नाकारील? अस्पृश्यतेचा दाह त्यांनी स्वतः सोसला होता. त्याचबरोबर हेही खरे की, 114 बळी हा धर्मांतराविरुद्धचा पुरावा होऊ शकत नव्हता. मतदारांनी हा भेद ओळखला. बाळूंचा पराभव झाला, पण त्यांच्या गोलंदाजीचा लौकिक तिळभर कमी झाला नाही. चेंडूचा न्याय मैदानावर आणि मताचा न्याय मतपेटीत, असा हा निवाडा झाला. आम्हांस आज नेमके हेच हवे आहे.

परदेशातील अनुभवही याहून निराळा नाही. 1964 साली मुष्टियुद्धाचा जगज्जेता झालेल्या महंमद अलीने 'नेशन ऑफ इस्लाम' या पंथाचा आपण अनुयायी असल्याचे जाहीर केले. त्या पंथाच्या शिकवणीत गोऱ्या वंशाचा कडवा द्वेष होता. 1967 साली त्याने धर्माचे कारण सांगून सैन्यभरती नाकारली, आणि त्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले. 1971 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली. काही वर्षांनी अलीने स्वतःच तो पंथ सोडून सुन्नी इस्लामचा मार्ग धरला. केवळ त्याच्या ठोशाच्या जोरावर ज्यांनी त्याचा पंथ खरा मानला असेल, त्यांची काय अवस्था झाली असेल? अलीला शिक्षा करणारे चुकले, आणि त्यास धर्मगुरू मानणारेही चुकले.

मर्यादा कोठे पडते, तेही सांगितले पाहिजे. 2019 साली ऑस्ट्रेलियाचा रग्बीपटू इस्राएल फोलाऊ याने समलिंगी लोकांसह अनेकांस नरकाची वाट दाखविणारा मजकूर प्रसिद्ध केला. त्याचा करार रद्द झाला, आणि वाद न्यायालयाबाहेर तडजोडीने मिटला. आपल्या देवाचे आभार मानणे निराळे, आणि ज्यांच्यासह खेळावयाचे त्यांस नरकाधिकारी ठरविणे निराळे. दुसऱ्या प्रकाराचा निषेध करण्याचा प्रेक्षकांस पूर्ण हक्क आहे. खेळाडूस शिक्षा करावयाची असेल, तर तिचा नियम आधी लिहिलेला हवा आणि तो सर्व धर्मांस सारखा लागू हवा.

आणि ज्याप्रमाणे बोलण्याचा हक्क, त्याप्रमाणे न बोलण्याचाही. मार्च 2025 मध्ये दुबईच्या सामन्यात रमजानच्या दिवसांत महंमद शमी यांनी मैदानावर पेय घेतले, तेव्हा एका मौलानांनी रोजा न ठेवल्याबद्दल त्यांस जाहीरपणे दोषी ठरविले. एका खेळाडूस देवाचे नाव घेतले म्हणून दरडावावे आणि दुसऱ्यास उपास केला नाही म्हणून, हे दोन्ही प्रकार एकाच रोगाची लक्षणे आहेत. खेळाडू हा आपल्या जमातीचा किंवा आपल्या राष्ट्राचा बोलका बाहुला आहे, ही समजूत म्हणजे तो रोग होय.

म्हणून आमची सूचना अशी. जिल्ह्यातील क्रीडासंस्थांनी निवड करताना खेळ पाहावा. खेळाडूची श्रद्धा वा अश्रद्धा हा निवडीचा विषय करू नये. शाळेतील शिक्षकांनी मुलांस सांगावे की, अमुक खेळाडूची फलंदाजी गिरवा, त्याचा धर्म मात्र आपल्या बुद्धीने पारखा. आणि आमच्या व्यापारी बंधूंनी येत्या जत्रेत इनामाची रक्कम जाहीर करताना हे ध्यानी ठेवावे की, ती रक्कम चीतपट केलेल्या डावाची आहे. मल्लाने ती घेताना तुळजाभवानीचे नाव घेतले, अल्लाचे घेतले, येशूचे घेतले किंवा कोणाचेच घेतले नाही, तरी रुपये तितकेच मोजून द्यावेत.