हातमोजे कुणाला द्यायचे?

दर रविवारी दुपारी आमच्या घरी पाच मुलं जमतात. माझा भाचा आणि त्याचे चार मित्र, सगळे अकरावी-बारावीतले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ खेळतात. वर्गात गोष्टी सांगण्यात माझी वीस वर्षं गेली, त्यामुळे ‘डंजन मास्टर’ म्हणजे गोष्ट पुढे नेणारा आणि राक्षसांच्या बाजूने फासे टाकणारा कोण, हा प्रश्न आलाच नाही. भाचा म्हणाला, “मामू, तुम्हीच.”

हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं. त्याची ताकद, चपळाई, बुद्धी कागदावर आकड्यांत मांडायची. वार करताना वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या चिलखताच्या आकड्याइतकी किंवा जास्त आली, तर वार लागला. बाकी सगळी गोष्ट.

आमच्यातल्या एका मुलाने नियमांची पुस्तकं अक्षरशः पाठ केली आहेत. त्याचा योद्धा इतका घासूनपुसून बनवलेला, की एक आकडा वाया गेलेला नाही. खेळाडू याला ‘ऑप्टिमायझेशन’ म्हणतात. दुसऱ्या मुलाने शाहीर घेतला, कारण त्याला गाणारं पात्र हवं होतं. पाचव्या पातळीवर योद्ध्याचा बोनस होता सात, शाहिराचा पाच. फरक फक्त दोनाचा. चिलखत १५ असलेल्या राक्षसाला योद्धा शंभरात ६५ वेळा मारणार, शाहीर ५५ वेळा. एवढं चालून जातं.

मग मी चूक केली. योद्ध्याने हुशारीने एक लढाई जिंकली म्हणून खूश होऊन त्याला +२ ची जादूची तलवार दिली. त्याचा बोनस नऊ झाला. राक्षस पटापट पडू लागले, लढायांत दम राहिना. मी राक्षसांचं चिलखत १९ केलं. योद्धा पुन्हा ५५ वर आला, लढत रंगली. पण शाहीर? तो ३५ वर घसरला. तीन वार केले तर दोन हवेत. त्या मुलाने तक्रार केली नाही. आधी तो मोबाइल बघू लागला, मग दोन रविवार आलाच नाही.

शिक्षकाला हे चित्र ओळखीचं असतं. वर्गातल्या पहिल्या दोघांकडे बघून पेपर काढला, की मागचा बाक गप्प होतो. तोही तक्रार करत नाही. फक्त यायचा थांबतो.

यावर सोपा उपाय सुचवला जातो: नियमांचा अभ्यास करून पात्र बांधणाऱ्यालाच आवरा. मला हे मान्य नाही. ज्याने पुस्तक वाचलं, मेहनत केली, त्याने कुठला गुन्हा केला? अभ्यासू मुलाचे गुण कापून कुणी वर्ग सुधारत नाही. दुसरा उपाय म्हणजे सगळ्यांना सारखं वाटा. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) असं कोष्टकच होतं. दहाव्या पातळीच्या पात्राजवळ साधारण ४९ हजार सोन्याच्या नाण्यांचा ऐवज असावा, असं त्यात लिहिलेलं. +१ चं हत्यार दोन हजाराच्या आसपास, +२ चं आठ हजाराच्या. झालं असं की जादूची वस्तू ही नवलाची गोष्ट न राहता किराणा सामानाची यादी झाली, आणि त्या यादीतून नेमकं काय घ्यावं हे पुन्हा अभ्यासू खेळाडूलाच उत्तम कळत होतं. वाटा सारखा, अंतर मात्र वाढलेलं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने हे गणित बदललं. जादूच्या वस्तूंशिवायही खेळ चालावा अशी रचना केली, आणि ताकदवान वस्तू एका वेळी तीनच जोडता येतील असं बंधन घातलं. त्याच आवृत्तीतले राक्षसी ताकदीचे हातमोजे मला फार शहाणे वाटतात. ते ताकदीत भर घालत नाहीत, ताकद थेट १९ करतात. ज्याची ताकद १८ आहे त्याचा बोनस चारच राहतो, फायदा शून्य. ज्याची आठ आहे, तो उणे एकवरून अधिक चारवर जातो. एकच वस्तू, पण गरजवंतालाच उपयोगी.

माझं मत यातूनच बनलं. आकडे वाढवणारी वस्तू ज्याचे आकडे आधीच उंच आहेत त्याला देऊ नये. त्याला रस्ता उघडणारी वस्तू द्यावी. हवेत जागच्या जागी अडकून राहणारा लोखंडी दांडा, किंवा पाचशे पौंड सामान गिळणारी थैली. यांनी वार जोरात बसत नाही, पण डोकं चालवायला जागा मिळते, आणि अभ्यासू खेळाडूला खरी भूक त्याचीच असते.

आम्हा उर्दूवाल्यांना ही थैली नवी नाही. अमीर हमजाच्या दास्तानमध्ये अमर अय्यारकडे जंबील असते, तिच्यात वाटेल ते मावतं. त्याच्या अंगावर गलीम असते, ती ओढली की तो दिसेनासा होतो. या वस्तू हमजाकडे का नाहीत? हमजा मुळातच पहिलवान आहे. काटकुळ्या अमरकडे त्या आहेत म्हणून दास्तानमध्ये दोघांनाही जागा आहे, आणि ऐकणाऱ्याला दोघेही हवेसे वाटतात.

एक आक्षेप मात्र खरा आहे. हातमोजे मिळणार हे आधीच कळलं, तर हुशार खेळाडू मुद्दाम ताकद आठ ठेवेल आणि वाचलेले गुण दुसरीकडे लावेल. पात्र बांधायला २७ गुण मिळतात, ताकद आठवर ठेवली तर त्यातला एकही खर्च होत नाही. म्हणून पात्रं ठरण्याआधी कुठल्याही वस्तूचा शब्द देऊ नये. वाटताना मात्र लपवालपवी नको. कुणाला काय आणि का दिलं, हे डंजन मास्टरने सगळ्यांसमोर सांगावं.

मी तेच केलं. शाहिराला घरी जाऊन बोलावून आणलं, राक्षसांचं चिलखत पुन्हा खाली आणलं, आणि पुढच्या खजिन्यातले हातमोजे त्याला दिले. योद्धा रागावला. “सर, मेहनत मी केली आणि बक्षीस त्याला?” मी म्हटलं, “तुझ्या मेहनतीचं फळ तुझ्या कागदावर आहेच, ते कुणी काढून घेतलेलं नाही. हे बक्षीस नाही, खेळ पाचजणांचा राहावा म्हणून आहे.” त्याला किती पटलं, सांगता येत नाही. पण त्याच दिवशी शाहिराने एकट्याने दगडी दार उचलून धरलं आणि बाकीचे चौघे खालून सरपटत सुटले. त्यात सगळ्यात मोठ्याने ओरडत होता तो योद्धाच.