लाल अजगर आणि आमची वाडी

तर झालं असं. गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मामा, नागावच्या वाडीतली मागची खोली रिकामीच असते ना?" मला वाटलं, मित्रांना घेऊन समुद्रावर यायचा बेत असेल. म्हटलं, ये की. तर म्हणतो, "मी नाही, माझा पायथन राहील. सोसायटीवाले कटकट करतायत."

हा पायथन म्हणजे 'ब्लड पायथन'. मलाया, सुमात्रा भागातल्या दलदलीत राहणारा, विटेच्या रंगाचा, आखूड आणि जाडजूड अजगर. बिनविषारी. लांबी चार-सहा फूट, पण अंगाने असा भरलेला की मांडीएवढा वाटावा.

मी लगेच नाही म्हटलं नाही. घरातलं एकुलतं एक भाचरू, त्यात हुशार. म्हटलं, आधी सगळं सांग, मग बघू. त्याने जे सांगितलं ते ऐकून आणि नंतर स्वतः वाचून मी नाही म्हटलं. तो रागावलाय. बोलणंही बंद आहे. म्हणून हे इथे लिहितोय, निदान माझी बाजू नीट मांडलेली राहील.

पहिल्यांदा एक कबूल करतो. पोरगा उडाणटप्पू नाही. त्याचा अभ्यास पक्का आहे. पेटी किमान चार फूट बाय दोन फूट, झाकण कुलूपबंद. आतलं तापमान २७ ते ३० अंशांच्या दरम्यान, त्याच्या वर गेलं तर या जातीला सोसत नाही. हवेत ओलावा साठ-सत्तर टक्के, पण हवा कोंडलेली नको, नाहीतर फुप्फुसाचा आजार होतो आणि साप तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागतो. अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं, रोज स्वच्छ. लपायला अंधारी जागा. मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांनी एक उंदीर, त्याहून जास्त नाही. हा प्राणी मुळात आळशी, अन्न सावकाश पचवतो, हौशी मालक प्रेमाने खायला घालत राहतात आणि तो चरबीने मरतो. महिना-दीड महिना घाण केली नाही तरी घाबरायचं नाही. आणि नीट ठेवला तर वीस वर्षं, क्वचित त्याहून जास्त जगतो.

हे सगळं खरं आहे. माझं भांडण या यादीशी नाहीच. माझं भांडण आहे ते, ही यादी पाळली की आपण चांगले मालक झालो, या समजुतीशी.

आता एकेक बघू.

उंदीर. भाचा म्हणतो, मारून गोठवलेले उंदीर द्यायचे, जिवंत नाही. जिवंत उंदीर कोपऱ्यात सापडला की सापालाच चावतो. बरोबर. पण हे गोठवलेले उंदीर ठेवायचे कुठे? आमच्या फ्रीजमध्ये, जिथे आई नैवेद्याचं नारळाचं दूध ठेवते? आणि ते कोमट पाण्यात सोडवून चिमट्याने धरून कोण भरवणार? भाचा मुंबईत. मी आठवड्यातून चार दिवस अलिबागला. म्हणजे काम येणार आमच्या गड्याच्या गळ्यात. तीस वर्षं त्याने या वाडीला पाणी घातलंय, नारळ-सुपारी उतरवलीय. आता त्याने साहेबांच्या अजगराला उंदीर भरवायचा? मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत बंगल्या-बंगल्यांत हेच चाललंय. हौस मालकाची, सेवा गड्याची. मालक शनिवारी सकाळी रो-रोने उतरणार, सापाबरोबर फोटो काढणार आणि रविवारी संध्याकाळी परत.

आजारपण. तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यातले डॉक्टर भला माणूस. म्हशीचं अडलेलं बाळंतपण मध्यरात्री येऊन करतील. पण सापाच्या फुप्फुसातला कफ? ते स्वतःच हात जोडतील. मग त्या जिवाला पेटीसकट बोटीत घालून मुंबईला न्यायचं, तेही पावसाळ्यात, जेव्हा लाटा मोठ्या म्हणून गेटवेच्या लाँचा बंद असतात.

वीज. इथे मी जरा आवाज चढवणार आहे, माफ करा.

३ जून २०२०. निसर्ग वादळ अलिबागच्या जरा दक्षिणेला किनाऱ्याला धडकलं, ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरचा वारा. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना सांगायला नको. चौल, मुरुड, दिवेआगर, श्रीवर्धन, सुपारीच्या वाड्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. कौलं उडाली, खांब वाकले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. त्या दिवसांत आम्ही विहिरीवर पंप चालत नाही म्हणून पोहऱ्याने पाणी काढत होतो. तेव्हा त्या मागच्या खोलीत थर्मोस्टॅटवर जगणारा एक प्राणी असता तर? त्याच्या खाण्याचा फ्रीज? आणि खोलीवरचे पत्रेच उडाले असते तर?

भाचा हसून म्हणाला, "मामा, कोकणातल्या हवेत त्याला हीटर लागतच नाही. इथलं हवामान त्याला एकदम सूट होतं!"

मंडळी, हेच तर मला म्हणायचंय! विलायतेतल्या माणसाने हा साप पाळला आणि तो पळाला तर पहिल्या थंडीत मरेल. बिचाऱ्याचं वाईट, पण गोष्ट तिथे संपते. आमच्याकडे संपणार नाही. उष्ण, दमट, चार महिने पाऊस, भाताची खाचरं, खारफुटी, पाटाचं पाणी, ओल्या पाचोळ्याने भरलेल्या सुपारीच्या वाड्या आणि उंदीर पाहिजेत तेवढे. दलदलीतल्या सापाला आणखी काय हवं? जे तुला सोयीचं वाटतंय तोच मोठा धोका आहे, बाबा.

एक पळाला म्हणून काय होतं, असं वाटेल. फ्लोरिडाला विचारा. तिथे हौसेने पाळलेले बर्मी अजगर, आपल्या अजगराचे सख्खे चुलत भाऊ, मोठे झाल्यावर लोकांनी गुपचूप सोडून दिले. १९९२ च्या अँड्र्यू वादळात अजगरांची पैदास करणारं एक केंद्र उद्ध्वस्त झालं, तिथलेही सुटले असं मानतात. २००० साली लक्षात आलं की एव्हरग्लेड्सच्या दलदलीत हे अजगर कायमचे वस्तीला आलेत. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की अजगरांची वस्ती जिथे सगळ्यात जुनी, त्या भागात रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांनी घटलंय, ओपॉसमचंही जवळपास तेवढंच. शिवाय अजगरांबरोबर आशियातून फुप्फुसात राहणारा एक परजीवी गेला, तो तिथल्या मूळच्या सापांमध्ये पसरलाय. म्हणजे अजगर एकटा येत नाही, पोटात आणि फुप्फुसात पाहुणे घेऊन येतो. आपल्या धामणी, दिवड, नानेटींना असला आहेर कुणी द्यायचा?

आता तो येतो कुठून ते बघू. दुकानदार सांगतो, 'पिंजऱ्यात जन्मलेला आहे, कागद होतील.' होतील! म्हणजे आज नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटं आणि केकच्या पुड्यांमध्ये कोंबलेले नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते. पकडले गेले ते अकरा. न पकडलेल्यांचं पुढे काय होतं, ते अशा दुकानांत आणि अशा मागच्या खोल्यांत बघायला मिळतं.

कायदा काय म्हणतो? २०२० च्या जूनमध्ये, इथे आम्ही पडलेल्या सुपाऱ्या मोजत होतो त्याच महिन्यात, केंद्र सरकारने सवलत जाहीर केली. परदेशी प्राणी जवळ असेल तर सहा महिन्यांत जाहीर करा, कागद मागणार नाही. पुढे २०२२ ची वन्यजीव कायद्याची दुरुस्ती आली, २०२४ ला नोंदणीचे नियम आले. आता असा प्राणी बाळगायचा तर नोंदणी हवी, पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला तर कळवायला हवं. कडक झालं, चांगलं झालं.

पण जरा शेजारी बघा. आमच्या डोंगराकडच्या वाडीवरच्या कातकरी पोराने उद्या इथला अजगर पकडून घरात ठेवला तर? तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी. गुन्हा शाबीत झाला तर तीन ते सात वर्षं आत. आणि ते योग्यच आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण त्या पोराचा गुन्हा आणि आपली 'हॉबी', हा फरक कशाने पडला? सापाच्या गावाने. आणि माणसाच्या खिशाने. सापाला दोन्हीकडे पेटीच.

भाचा मांडुळावरून लोकांना हसतो. मांडूळ घरात ठेवलं की पैशाचा पाऊस पडतो म्हणून लाखांचे सौदे करणारे मूर्ख रायगडातही पकडले जातात. हसण्यासारखंच आहे. पण लाल रंग जास्त गडद म्हणून एका सापाला भारी किंमत देणारा तरी काय वेगळं करतो? एकाला धन हवंय, दुसऱ्याला दुर्मीळ वस्तू मिरवायचीय. जनावर दोघांच्याही हिशेबात नाही.

"मग कुत्रा पाळता ते चालतं?" हा त्याचा हुकमी प्रश्न. चालतं, कारण कुत्रा हजारो वर्षं माणसाबरोबर राहून कुत्रा झालाय. दार उघडं ठेवलं तरी तो संध्याकाळी परत येतो. अजगराचं दार उघडं ठेवून बघ. जो प्राणी तुझ्याजवळ फक्त कुलपामुळे आहे तो पाळलेला नाही, कोंडलेला आहे. तो हातावर शांत बसतो ते प्रेमाने नव्हे, हात ऊबदार असतो आणि त्याला धोका वाटत नाही म्हणून. यात सापाचा काही दोष नाही. सापाने सापासारखंच असावं.

आणि सापांवर प्रेम आहे ना? मग इथे कामाला तोटा आहे का? आपल्या देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली असा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक खेड्यातली. याच जिल्ह्यात, महाडला, डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कितीतरी जीव वाचवले, सर्पदंशावरही काम केलं. आणि याच किनाऱ्यावर किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरणींच्या घरट्यांसमोर बसून त्यांच्या संसाराचं कोडं सोडवलं. नर एकामागून एक घरटी बांधतो आणि मादीला पसंत पडलं की दुसऱ्याच्या तयारीला लागतो, हे कळलं ते तासन् तास बघत बसून. सुगरण झाडावर होती, पिंजऱ्यात नव्हती.

म्हणून भाच्याला एवढंच सांगायचंय. आधी कागदांचं काय ते खरं शोध. नसतील तर वनखात्याकडे जा, चार शब्द ऐकून घ्यावे लागतील तर ऐकून घे. लागलं तर मी येतो बरोबर. पण रात्री गुपचूप कुठल्या खाडीत सोडून मोकळा होऊ नकोस, तेवढं एक पाप करू नकोस.

आणि मग पावसाळ्यात इकडे ये. गावात साप निघाला की ज्याला बोलावतात त्या सर्पमित्राशी ओळख करून देतो. मागच्या श्रावणात कोंबड्यांच्या खुराड्यात आठ फुटी अजगर शिरला होता, दोन कोंबड्या गिळून सुस्त पडलेला. वनखात्याला कळवून त्याने तो पोत्यात घेतला आणि जंगलात नेऊन सोडला. आईने जाताना त्या पोत्याला लांबूनच हात जोडले. तो अजगर आमचाच होता, फक्त आमच्या मालकीचा नव्हता.

खोली रिकामीच आहे. तुझ्यासाठी.