विहीर खोल, पण झोप गाढ!



आज आपल्या भेटीला आलेला इंग्रजी शब्द अगदी छोटा आहे. डी, ई, ई, पी. डीप! ‘हॅ, हा तर आम्हाला येतो. डीप म्हणजे खोल!’ असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. शाब्बास! मग आता या सहा जोड्यांचं मराठी करा पाहू :

डीप वेल, डीप स्लीप, डीप ब्रेथ, डीप रेड, डीप व्हॉइस, डीप थॉट.

पहिली सोपी. खोल विहीर. पण पुढे? खोल झोप? खोल तांबडा? अडलं ना गाडं! कारण मराठीत झोप गाढ लागते, श्वास दीर्घ घेतात, तांबडा रंग गडद असतो, आवाज भारदस्त असतो आणि विचार सखोल असतो. इंग्रजीने एकाच शब्दावर भागवलं, तिथे आपल्या मराठीने सहा शब्द काढून दिले. ‘आमचं इंग्रजी कच्चं’ म्हणून मान खाली घालणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. तुमच्याजवळचा शब्दांचा डबा रिकामा नाही. कोणत्या वेळी कोणता शब्द काढायचा, एवढंच शिकायचं आहे.

आता गंमत बघा. डीप या शब्दाचा मूळचा, सरळ अर्थ एकच. वरच्या कडेपासून खाली किंवा आत लांबवर गेलेलं. विहिरीला तो जसाच्या तसा लागू पडतो. हा झाला वाच्यार्थ. मग लोकांनी तोच शब्द जिथे दोर सोडून मोजता येत नाही अशा गोष्टींनाही लावला. जाग ही वर आणि झोप खाली, अशी कल्पना करा. भांडं वाजलं की जागा होतो, तो झोपेत जरासाच उतरलेला. दारात ढोल वाजले तरी कूस बदलत नाही, तो पार तळाशी! म्हणून डीप स्लीप. हा झाला लाक्षणिक अर्थ. आवाजाचंही तसंच. खालच्या सुरातला, खर्जातला आवाज म्हणजे डीप व्हॉइस.

पण इथे एक खड्डा आहे, सांभाळा. ‘तापाने आजीचा आवाज खोल गेला’ असं आपण म्हणतो, तेव्हा आवाज क्षीण झाला असा त्याचा अर्थ. डीप व्हॉइस मात्र चांगला घुमणारा! तेव्हा आजीच्या वाक्यात डीप घातलात, तर आजी आजारी न राहता पहाडी आवाजात बोलू लागेल.

क्रिकेटवाल्यांनो, तुमच्या ओळखीचा डीप मिडविकेट आठवा. तो काही खड्ड्यात उभा नसतो. फलंदाजापासून दूर, सीमारेषेजवळ उभा असतो. इथे खोली खाली नाही, लांब गेली.

‘ही इज इन डीप वॉटर’ असं वाक्य धड्यात आलं तर? आधी आजूबाजूची वाक्यं वाचा. नदीची गोष्ट चालली असेल, तर तो खरंच खोल पाण्यात आहे. पण गोष्ट कर्जाची असेल, तर पाण्याचा थेंबही नाही. बिचारा मोठ्या अडचणीत सापडला आहे. आपण नाही का म्हणत, ‘नाकातोंडात पाणी जायची वेळ आली’? शब्द तेच, पण शेजार बदलला की अर्थ बदलतो.

आता विरुद्धार्थी शब्द. ‘डीप’च्या विरुद्ध ‘शॅलो’, म्हणजे उथळ, हे तुम्ही पाठ केलेलं असतं. पाण्याला ते बरोबर. श्वासालाही चालतं. पण डीप स्लीपच्या उलट लाइट स्लीप. डीप रेडच्या उलट पेल रेड. डीप व्हॉइसच्या उलट हाय व्हॉइस. म्हणजे एका शब्दाला एकच विरुद्धार्थी शब्द, हा हिशेबही इथे पुरत नाही.

म्हणून माझं एक ऐका. वहीत ‘डीप = खोल’ एवढंच लिहून थांबू नका. जोडी लिहा. ‘डीप स्लीप = गाढ झोप’. विशेषण एकटं पाठ केलं की ते वाक्यात शिरताना अडखळतं. नामाचा हात धरून आलं की बरोबर जागी बसतं. शब्दकोश उघडलात तरी एक क्रमांकाचा अर्थ पाहून लगेच मिटू नका. दोन, तीन, चार क्रमांकही वाचा.

जाता जाता दोन नावं सांगते. पॅसिफिक महासागरातल्या मारियाना गर्तेत समुद्राची सर्वांत खोल जागा आहे. जवळजवळ ११ किलोमीटर! आपला एव्हरेस्ट आत ठेवला, तर त्याच्या माथ्यावर आणखी दोन किलोमीटर पाणी उरेल. तिचं नाव चॅलेंजर डीप. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७५ साली त्या भागाची खोली मोजली होती. इथला डीप अगदी सरळ अर्थाचा.

दुसरं नाव डीप ब्लू. १९९७ साली बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात हरवणारा हा आयबीएम कंपनीचा संगणक. नुसतं ऐकलं तर ‘गडद निळा’. पण त्याच्या आधीच्या संगणकाचं नाव होतं डीप थॉट, आणि आयबीएमला लोक लाडाने बिग ब्लू म्हणतात. दोन्ही जोडून झालं डीप ब्लू! म्हणजे या डीपमध्ये रंगही आहे आणि विचारही.

आता तुमची पाळी. विशेषण आहे ‘शार्प’. शार्प नाइफ, शार्प टर्न, शार्प ब्रेन, शार्प पेन (म्हणजे दुखणं, लिहायचं नव्हे!) आणि टेन ओ’क्लॉक शार्प. पाचही ठिकाणी मराठी शब्द वेगळा यायला हवा. एकच शब्द दोनदा वापराल तर एक गुण कापणार!

पुढच्या आठवड्यात उत्तरं ताडून पाहू. तोवर डीप ब्रेथ घ्या आणि लागा कामाला!

तुमच्या,
बाई