दुसरा छोटा डबा

"अहो, काकडी आजही तशीच परत आणलीत?" संध्याकाळी डबे घासायला घेताना हा प्रश्न तुमच्याही घरी होत असेल, नाही का? मी तर रोज विचारायची. पण मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात माझंच हिमोग्लोबिन ९ निघालं आणि डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "दुपारी शाळेत तुम्ही काय खाता?"

काय सांगणार! ह्यांच्या डब्यात भाजी, मुलांच्या डब्यात फळ आणि माझ्या डब्यात घाईत गुंडाळलेली पोळी नि लोणचं. वर चहा आणि बटाटेवडा.

शिक्षकांच्या खोलीत विषय काढला, तर सगळ्यांची तीच कथा. फळ नको असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. "धुवा, चिरा, तोवर घंटा होते!" एक बाई म्हणाल्या. खरी मेख इथेच आहे. वडा आयता हातात पडतो, पेरू पडत नाही. मग आम्ही वार वाटून घेतले. ज्याचा वार, त्याने सर्वांपुरतं फळ किंवा कोशिंबीर तयार करून आणायची. पुरुष शिक्षकांनाही सूट नाही! वडा बंद केला नाही, पण भरलेली ताटली समोर असली की वड्याची आठवण कमी होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-सूचनांत दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. एवढं सगळं रात्रीच्या एका जेवणात कसं बसणार? कामाच्या जागी थोडं पोटात गेलंच पाहिजे.

काही अनुभवाच्या गोष्टी :

काकडी-गाजराचे लांब तुकडे करा, म्हणजे चमचा लागत नाही. मीठ पुडीत वेगळं द्या. आधी लावलं तर पाणी सुटतं. कोशिंबिरीत दाण्याचं कूटही आयत्या वेळीच घाला. केळं, संत्रं, बोरं यांना सुरी लागत नाही. सफरचंद चिरून द्यायचं तर लिंबू चोळा, काळं पडत नाही.

पेरू जेवणाबरोबरच खा. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे पालेभाजी-उसळीतलं लोह अंगी लागतं. चहा मात्र त्याच्या आड येतो, म्हणून तो तासाभराने घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल, तर फळ कोणतं आणि किती, ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

तीन महिन्यांनी माझं हिमोग्लोबिन ११ वर आलं. लोहाच्या गोळ्याही चालू होत्या, तेव्हा सगळं श्रेय पेरूला देत नाही! पण गंमत ऐका. आमच्या शाळेतली रीत ह्यांनी कचेरीत सांगितली आणि परवा सकाळी म्हणाले, "आज काकडी चौघांपुरती दे."

उद्या डबे भराल तेव्हा एक छोटा डबा जास्त काढा. तो तुमचा स्वतःचा. तुम्ही घरीच असलात, तरीसुद्धा!