निकाल बीअरचा की डिकीचा?

गोव्यातून पत्रादेवीमार्गे येताना क्राफ्ट बीअरचे चार कॅन उचलायचे, मालवणात सुरमईच्या तुकडीबरोबर फोडायचे आणि ‘नुसतंच नाव मोठं’ असा शेरा मारून मोकळं व्हायचं, ही पर्यटकांची रीतच होऊन बसली आहे. परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, ते इन्सुलीच्या नाक्यावर उत्पादन शुल्क खातं सांगेलच. माझा आक्षेप त्या शेऱ्याला आहे. तो बहुतेकदा बीअरवर नसतोच, गाडीच्या तापलेल्या डिकीवर असतो.

बऱ्याच क्राफ्ट बीअर पाश्चराइझ केलेल्या नसतात. उष्णतेने आत उरलेला प्राणवायू झपाट्याने काम करतो. बीअरमध्ये घातलेल्या हॉप्सच्या फुलांचा सुवास आधी उडतो, मग ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. बाटलीवर ऊन पडलं तर हॉप्सच्या कडू घटकांपासून गंधकाचं उग्र वासाचं संयुग तयार होतं. तपकिरी काच ते बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारसं नाही, कॅन पूर्ण अडवतो. बांगड्याचे कल्ले उचलून पाहिल्याशिवाय पैसे न काढणारा मालवणी माणूस कॅनच्या बुडावरची तारीख मात्र वाचत नाही, याचं नवल वाटतं.

यावर जाणकार म्हणतील, इंडिया पेल एल (आयपीए) तर आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्‌महिने जहाजात डुचमळत हिंदुस्थानात यायची. तिला पत्रादेवी ते मालवण जड का जावं? मुद्दा बिनतोड वाटतो, पण तेव्हा हॉप्स भरपूर घालत ते बीअर आंबू नये म्हणून. आजची आयपीए विकली जाते ती हॉप्सच्या ताज्या वासावर, आणि टिकणं म्हणजे ताजं राहणं नव्हे. दुसरा आक्षेप साधा आहे: कोकणच्या उकाड्यात बीअर गारेगार हवी, बाकी चिकित्सा कशाला? तहान भागवायची तर खरंच नको. पण बर्फगार बीअरचा वास दबतो, जिभेला फेस आणि कडूपणा तेवढा कळतो. मग दुप्पट पैसे कशाचे मोजले?

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून टाकीतून थेट ग्लासात येणारी बीअर महाराष्ट्रालाही नवी नाही. गोव्याची बीअर जोखायची तर तशीच, गोव्यातच, ग्लासात ओतून, आधी हुंगून जोखावी. तिथेही ती पुचाट निघाली, तर भीड न ठेवता तसं सांगावं. आणि दुकानदाराने कॅन उन्हात रचून ठेवले असतील, तर त्यालाही सुनवावं.